नावाचं वाक्य

आमच्या बुरुंडीत आडनाव नसतं.
बापाचं एक, मुलाचं दुसरं, पाठच्या भावाचं तिसरंच.
बाळ आठ दिवसांचं झालं की बाप अंगणात येतो,
टेकडी बघतो, शेजाऱ्याचं कुंपण बघतो,
आणि मनात जे सलत असेल
ते लेकराच्या अंगावर ठेवून मोकळा होतो.

मी न्तिरान्देकुरा.
म्हणजे, अजून त्यानं मला सोडलेलं नाही.
'त्यानं' म्हणजे कुणी, हे आमच्यात विचारत नाहीत.
माझ्याआधीची तिघं केळीच्या बनामागे पुरलेली होती.

माझा मित्र न्झोकिरान्तेव्ये.
बरा होईन मी, पण उशिरा.

दोघं सायकलींवर केळीचे घड लादून
बुगारामाच्या घाटातून बुजुम्बुराला उतरायचो.
माझ्या सायकलीला ब्रेक नव्हता.
पायातली टायरची चप्पल मागच्या चाकावर दाबायची,
रबर जळाल्याचा वास येईपर्यंत.
परतताना ट्रकच्या साखळीला एका हातानं लटकायचं,
ड्रायव्हरच्या शिव्या खात, धूर खात, वर.
तो पुढे, मी मागे.
त्याला गाता येत नव्हतं, तरी गायचा.

मग एका सकाळी रेडिओ बोलेना.
दुपारपर्यंत रस्त्यावर निलगिरी आडव्या पाडलेल्या,
ताज्या, डिंक गळणाऱ्या.

झाडामागे मिसागो.
शेजारच्या घरचा. सीटला मागून धरून
मीच त्याला सायकल शिकवली होती.
हातात कोयता, तोही ओळखीचा,
आमच्याच बनात घड उतरवलेला.

"कोण तुम्ही?"

भाषा एकच. चर्च एकच. ज्वारी एकाच उतारावरची.
नावावरून काही कळत नाही,
नाव म्हणजे नुसतं कुणाच्या तरी बापाचं दुखणं.
म्हणून विचारावं लागतं.
आणि त्याला तर विचारायचीही गरज नव्हती.

(मी कोणत्या बाजूचा, ते सांगत नाही.
इथे तुमचे कान टवकारले,
ते मी पाहिलं.)

"नाव?"
सांगितलं.
मागे कुणीतरी हसलं. "मग आज सोडेल की."

मिसागोनं मला डावीकडे ढकललं.
त्याला झाडाच्या पलीकडे.
सायकली ठेवून घेतल्या.
मी पळालो. पळताना ऐकत होतो,
गातो का.

बारा वर्षं परदेशातल्या छावणीत.
निळी ताडपत्री, मोजून घेवडा.
परत आलो तर वडीलधाऱ्यांनी काठी जमिनीवर आपटून
बांध पुन्हा आखून दिला. तीन पावलं कमी भरला.
मी वाद घातला नाही. तीन पावलांत काय पुरता येतं,
ते मला माहीत होतं.

परवा एका लग्नात ज्वारीच्या बिअरचं मडकं आलं.
मडकं एक, बोरूच्या नळ्या सात.
माझ्या शेजारी मिसागो बसला, एक पाय लांब करून.
तो पाय आता गुडघ्यात वाकत नाही.
विष नाही हे दाखवायला आधी स्वतः प्यायचं असतं;
तो प्यायला, आणि नळी माझ्यापुढे केली.
टोकाला त्याचे दात उमटलेले.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग तोच मडक्यात बघत म्हणाला,
"तुझ्या सायकलीला ब्रेक नव्हता."

"चप्पल दाबायची असते," मी म्हणालो.
"तुला शिकवायचं राहून गेलं."

पलीकडे न्झोकिरान्तेव्येची आई.
तोंडात नळी, पण गालाला खळगा पडत नव्हता.
ती पीत नव्हती, नुसती धरून होती.
डोळे मिसागोच्या त्या पायावर.

मी प्यायलो की नाही,
हे मला घरी बायकोनंही विचारलं.
मडकं रिकामं झालं, एवढं खरं.